पाळणाघरातले कपडे आणि चपला-बूट: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जून उजाडला आणि पाळणाघरं, प्लेग्रुप, अंगणवाड्या सुरू झाल्या की मुलांच्या कपड्यांबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या: घरी एका मुलामागे दोन-तीन मोठी माणसं असतात, पाळणाघरात एका ताईकडे सात-आठ मुलं असतात. त्यामुळे घरी खपून जाणारा कपडा तिथे अडचणीचा ठरू शकतो. मुलाला तो स्वतःचा स्वतः काढता-घालता यावा, त्यात उकिडवं बसता यावं, पळता यावं, चढता यावं. रंग आणि नक्षी तुमच्या आवडीची.

मुलगा एक वर्ष दहा महिन्यांचा आहे. पाळणाघरात बूट मागितलेत. पाय भराभर वाढतो, म्हणून दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस भरावा, असं सासूबाई म्हणतात. चालेल का?
— एक आई, कोथरूड, पुणे

नको. मोठ्या बुटात टाच वर-खाली सरकते. बूट निसटू नये म्हणून मूल बोटं आत वळवून धरतं, पाय ओढत चालतं आणि बुटाचं पुढचं टोक अडकून पडतं. कापूस घामाने दबून कडक गोळा होतो आणि तो नेमका बोटांवर रुततो.

सासूबाईंचा मुद्दा मात्र खरा आहे, पाय भराभरच वाढतो. एक ते तीन वर्षांत साधारण महिन्याला दीड मिलिमीटर, पुढे पाचव्या वर्षापर्यंत महिन्याला एक मिलिमीटर. आपल्याकडचा एक नंबर म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर, म्हणजे या वयात सहा महिन्यांत जेमतेम एक नंबर वाढतो. चालताना पाऊल बुटात थोडं पुढे सरकतं, म्हणून नव्या बुटात सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. ती पाचच्या खाली आली की बूट लहान झाला. हिशेब केला तर एक जोड चार महिने, फार तर पाच. वर्षभर टिकणारा जोड या वयात नसतो. त्यामुळे महागाचा एक घेण्यापेक्षा बेताच्या किमतीचे, बरोबर मापाचे घ्या.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला लागून कागद ठेवा, मुलाला मोजे घालून त्यावर उभं करा, टाच भिंतीला टेकवा. बसलेल्या मुलाचं माप घेऊ नका. उभं राहिल्यावर पाऊल पसरतं आणि लांबही होतं. पेन्सिल अगदी उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. ते अंगठ्याशेजारचं बोटही असू शकतं. दोन्ही पावलं मोजा आणि मोठं धरा. आता पुठ्ठ्याची एक सेंटिमीटर रुंद पट्टी कापा: पाऊल १३ सेंटिमीटर असेल तर पट्टी १४ सेंटिमीटर. दुकानात ती बुटात घाला. सरळ, न वाकता बसली तर लांबी बरोबर. पट्टी आत बरीच मागे-पुढे हलली तर बूट मोठा आहे. बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहण्यावर फार विसंबू नका, कारण दाब आला की मुलं बोटं आखडून घेतात. आतला तळ निघत असेल तर तो काढून त्यावर मुलाला उभं करा. रुंदीही लगेच कळते, पाऊल कडेबाहेर जायला नको. ऑनलाइन घेत असाल तर नंबर न पाहता सेंटिमीटर पाहा, कारण युरोपीय नंबरांमधलं अंतर साडेसहा-सात मिलिमीटरच असतं आणि कंपनीगणिक फरक पडतो.

बूट हातात घेऊन वाकवा. तो बोटं जिथे वाकतात तिथे वाकला पाहिजे, मधोमध दुमडला तर तो घेऊ नका. टाचेभोवतीची भिंत टणक, तळ पातळ आणि पकड असलेला, पुढचा भाग रुंद, बंद करायला वेल्क्रो. लेस नको, सुटलेली लेस आणि बांधायला रिकामे हात नसलेली ताई, यातून पडापडी होते. नंतर दर दोन महिन्यांनी पट्टीने पुन्हा पाहा. बूट काढल्यावर बोटांवर लाल वण दिसत असतील तर दोन महिनेही थांबू नका.

मोठ्या भावाचे बूट वापरायचे तर तळ उलटा करून पाहा. टाच एका बाजूला झिजलेली असेल किंवा आत दुसऱ्याच्या पावलाचा खड्डा पडला असेल तर ते नकोत. चारदोनदा घातलेले चालतील.

पाय सपाट दिसतो म्हणून आतून उंचवटा असलेले खास बूट घ्यायचे का, हेही बरेच जण विचारतात. लहान मुलांच्या तळव्याखाली चरबीची गादी असते, त्यामुळे कमान दिसत नाही. ती पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू दिसू लागते. पाय दुखत असेल, ताठर वाटत असेल किंवा दोन पायांत फरक असेल, तरच डॉक्टरांना दाखवा.

आमच्या पाळणाघरात गुळगुळीत टाइल्स आहेत. मुलांनी आत काय घालावं: मोजे, सँडल की अनवाणी?
— पाळणाघर चालक, ठाणे

आत अनवाणीच. पायाची बोटं जमिनीला धरतात, तळव्याला फरशी कळते, तोल लवकर येतो. नुसते मोजे घालून टाइल्सवर पळणं सर्वांत धोक्याचं. थंडीत मोजे घालावे लागलेच तर तळाला रबरी ठिपके असलेले घ्या. ठिपके झिजले की ते साधे मोजेच झाले. फरशी पुसल्यावर पूर्ण वाळेपर्यंत मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा. बाहेरच्या चपला दाराशीच राहू द्या, म्हणजे रांगणाऱ्या बाळांच्या हातांखाली रस्त्याची घाण येणार नाही.

अंगणात आणि बागेत जाताना मागे पट्टा असलेले, पुढून बंद सँडल हवेत. अंगठ्याची चप्पल पळताना निसटते. फोमचे भोकाभोकांचे क्लॉग्ज पट्टा मागे टाचेवर घेऊन घातले तर बागेपुरते ठीक आहेत. मॉलच्या सरकत्या जिन्यावर मात्र ते कडेच्या फटीत ओढले जातात, हे पालकांनाही सांगून ठेवा.

लेक अडीच वर्षांची आहे. घरी शू-शी सांगते, पाळणाघरात मात्र रोज चड्डी ओली. ती मुद्दाम करते का?
— एक आई, डोंबिवली

मुद्दाम नाही. या वयात शू लागल्याचं कळणं आणि शू होणं यांत फार वेळ नसतो. घरी तुम्ही कपडा झटकन खाली ओढता. पाळणाघरात तिला ताईंना शोधायचं असतं, ताई दुसऱ्या बाळाला भरवत असतात, आणि एवढ्यात कपडा सुटला नाही की झालंच. म्हणून आधी ती काय घालून जाते ते पाहा. डंगरी, अंगभर रोम्पर, दोन पायांमध्ये टिचबटणं असलेला बॉडीसूट, घट्ट जीन्स, पट्टा, नाडीची चड्डी हे सगळं सहा महिने कपाटात ठेवा. घट्ट लेगिंग्जही. त्या घामाने अंगाला चिकटतात आणि गुंडाळी होऊन गुडघ्यावर अडकतात. नाडीची गाठ घाईत ओढली की उलट आवळते.

हवी ती सैल, कमरेला मऊ इलॅस्टिकची सुती पँट. इलॅस्टिकखाली दोन बोटं सहज जावीत आणि काढल्यावर पोटावर खोल वळ उमटू नये. चड्डी नेहमीपेक्षा एक माप मोठी घ्या. फ्रॉक गुडघ्याच्या वरच संपावा. लांब फ्रॉक तिला एका हाताने उचलून धरावा लागतो आणि चड्डी खाली करायला एकच हात उरतो.

काढण्याची एक युक्ती आहे. मुलं पुढून ओढतात, पुढचा भाग खाली येतो आणि मागचा कुल्ल्यांवर अडकून राहतो. तिला दोन्ही अंगठे कमरेच्या बाजूंनी आत घालायला आणि थोडे मागे सरकवून खाली दाबायला शिकवा. शिकवताना शेवटापासून सुरुवात करा: पहिले काही दिवस तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत आणायची आणि उरलेली तिने काढायची, मग मांडीपासून, मग कमरेपासून. दर वेळी शेवटचं काम तिच्या हातून झालं की ती कंटाळत नाही. हा सराव सुटीच्या दिवशी, निवांत वेळी करा, शू लागलेली असताना नको.

पिशवीत चार चड्ड्या, तीन पँट, दोन वरचे कपडे आणि ओल्यासाठी तोंड बंद होणारी एक पिशवी असू द्या. ओली चड्डी बदलताना कुणी तिला रागावत नाही ना, हे ताईंशी मोकळेपणाने बोला. रागावलं की मूल शू दाबून धरायला शिकतं आणि मग वेगळेच त्रास सुरू होतात.

मुलग्यांच्या आयांसाठी: चेनची पँट पाळणाघरात नकोच. घाईत चेन वर ओढताना शिस्नाची कातडी दातऱ्यांत अडकते आणि हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही. तसं झालंच तर चेन वर-खाली ओढू नका. पँटचं कापड चेनभोवतीने कापून ओझं काढा आणि मुलाला थेट डॉक्टरांकडे न्या.

आमच्याकडे जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही. रेनकोट, गमबूट आणि ओले बूट यांचं काय करावं?
— एक बाबा, चिपळूण

कोकणात पावसाळ्यापुरते कापडी आणि चामडी बूट बंदच ठेवा. मागे पट्टा असलेले रबरी किंवा फोमचे सँडल पुसले की कोरडे होतात. फक्त तळाची नक्षी खोल आहे ना पाहा. शेवाळलेल्या पायरीवर सपाट तळ घसरतो. पाळणाघरात पोचल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसायच्या. चिखल्या होतात त्या तिथेच, ओल राहिल्यामुळे. बेचकीतली कातडी पांढरी पडली, सोलली किंवा खाजू लागली तर मोजे पूर्ण बंद आणि डॉक्टरांचं मलम.

गमबूट पाणी तुडवायला छान, दिवसभर घालायला वाईट. आत हवा खेळत नाही, पाय घामाने भिजतो. टाच धरून ठेवायला काही नसल्याने पळता येत नाही. उंची अर्ध्या पोटरीच्या खालीच हवी, नाहीतर उकिडवं बसताना कड गुडघ्यामागे रुतते. पाळणाघराच्या दाराशी काढून ठेवा. परत घालताना उलटे करून जमिनीवर आपटा आणि आत पाहा: पावसाळ्यात कोरडी जागा शोधत विंचू आणि गोम बुटांत शिरतात.

कापडी बूट भिजलाच तर आतला तळ बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने ओले बोळे काढून कोरडे भरा, मग पंख्याखाली आडवा ठेवा. गॅसजवळ किंवा हीटरसमोर नको. तळाचं चिकटवण सुटतं. दोन जोड आलटून पालटून वापरलेत तर प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो.

रेनकोट पुढून उघडणारा, वेल्क्रोचा किंवा टिचबटणांचा, गुडघ्याच्या किंचित खाली संपणारा घ्या. पायघोळ रेनकोटची कड पायऱ्या चढताना पायाखाली येते. रंग पिवळा, केशरी असा लांबून दिसणारा. टोपीला नाडी असेल तर ती आजच ओढून काढा आणि भोकं शिवून टाका. घसरगुंडीच्या वरच्या फटीत नाडीची गाठ अडकते आणि मूल खाली सरकत असताना ती गळ्याला आवळते. अमेरिकेत अशा अपघातांनंतर १९९६ मध्ये सरकारी मार्गदर्शक सूचना निघाल्या, आणि युरोपीय मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत टोपीला आणि गळ्याला नाडी चालत नाही. आपल्या बाजारात असे कपडे सर्रास मिळतात, म्हणून ती नजर आपणच ठेवायची.

दमट कपडे मुलाला घालू नका. झबली आणि लंगोट शेवटी इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करा, विशेषतः शिवणी आणि इलॅस्टिक, कारण ओल तिथेच दडते.

नातीच्या गळ्यातला काळा दोरा, बिंदल्या आणि घुंगरांचे पैंजण काढून या, असं पाळणाघरवाली म्हणते. एवढ्याशा पोरीला दृष्ट नाही का लागणार?
— एक आजी, सांगली

आजी, पाळणाघरातली बाई नातीच्या काळजीनेच सांगते आहे. तुमच्या मांडीवर असते तोवर दोऱ्यावर तुमचं लक्ष असतं. तिथे ती पाळण्याच्या कठड्याशी, खेळण्यांच्या खुंट्यांशी झोंबते, दुसरं मूल दोरा धरून ओढतं, झोपेत कूस बदलताना तो गळ्याभोवती पीळ घेतो. काळा दोरा मजबूत असतो, सहज तुटत नाही. खरा धोका तोच.

घुंगराचं पाहा. खेळण्यांच्या भारतीय मानकात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक चाचणी असते: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात जो सुटा भाग पुरता मावतो तो घशात अडकू शकतो, असं धरतात. घुंगरू, मणी, ताईत, केसांची क्लिप, सगळं त्यात मावतं. आणि तुटलेलं घुंगरू तुमच्याच नातीच्या तोंडात जाईल असं नाही, शेजारी रांगणाऱ्या बाळाच्याही जाईल. बिंदल्यांच्या कडा धारदार असतील तर दुसऱ्याला ओरखडतात, आणि हात भरत गेला की त्या घट्ट बसतात.

गळ्यातला दोरा घरी आल्यावर, जागेपणी घाला आणि झोपवताना काढा. पाळणाघरात जाताना तो तिच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तिच्यासोबतच राहील. कपाळाला किंवा तळपायाला तीट लावलीत तर कुणाचीच हरकत नसते. डोळ्यांत काजळ मात्र घालू नका. कमरेचा करदोडा ठेवायचाच तर खाली दोन बोटं जावीत, आणि तो रोज आंघोळीनंतर पुसून कोरडा करा. पोट वाढतं तसा तो आवळतो, हे पटकन लक्षात येत नाही.

कुंची आणि टोपडं दारापर्यंत घाला. झोपवताना दोन्ही काढायची, कारण बंद हनुवटीखाली असतात आणि डोकं झाकलेलं राहिलं की बाळाचं अंग फार तापतं. लाळेरंही तसंच, भरवून झालं की काढायचं.

अंगणवाडीत निम्मी मुलं अनवाणी येतात. चपला सक्तीच्या कराव्यात का? उन्हाळ्यात कपडे कसे असावेत?
— अंगणवाडी सेविका, चंद्रपूर जिल्हा

सक्ती नको, ताई. सक्ती केली की चप्पल नसलेलं मूल घरी राहतं, आणि त्याचा आहारही बुडतो. वर्गात अनवाणी असण्यात काही वाईट नाही. जपायच्या जागा दोन: शौचालय आणि अंगण. शौचालयाच्या दाराशी पट्ट्याचे रबरी चार जोड, दोन लहान आणि दोन मोठे, कायमचे ठेवा. रोज धुऊन उन्हात वाळवा. उघड्यावर शौच होत असलेल्या ओल्या मातीतून आकडीकृमीच्या अळ्या तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि मुलाचं रक्त कमी होतं. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक गोळी देता तेव्हाच पालकांना चपलेचं कारण सांगा, म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र डोक्यात बसतात. गावात लहान झालेल्या चपला धुऊन जमा करा आणि पट्टा शाबूत असलेल्याच वाटा.

उन्हाळ्यात तुमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. सिमेंटचं अंगण आणि लोखंडी घसरगुंडी यांनी कातडी भाजते. मुलांना सोडण्याआधी स्वतःचा तळहात पाच सेकंद टेकवून पाहा. टेकवत नसेल तर खेळ आत. पातळ सुती, फिक्या रंगाचे, सैल कपडे. उन्हातून ये-जा करायला अर्ध्यापेक्षा पूर्ण बाही बरी. घामोळं आलं असेल तर बनियन काढा आणि एकच थर ठेवा. पावडरचा थर घामाने चिकटून त्रास वाढवतो.

चुलीजवळ नायलॉनचे, झालरींचे फ्रॉक नको. हे कापड पेटल्यावर वितळून अंगाला चिकटतं. सुती कापडही पेटतंच, म्हणून स्वयंपाकाच्या जागेला कठडा हवा. कपड्याने तो प्रश्न सुटत नाही.

आषाढीच्या दिंडीसाठी मुलांना धोतर आणि नऊवारी नेसवायची आहे. काय सांभाळावं?
— प्लेग्रुप शिक्षिका, सोलापूर

शिवलेलं, इलॅस्टिकचं धोतर आणि शिवलेली नऊवारी घ्या, लांबी घोट्याच्या चार बोटं वर. सेफ्टी पिना एकही नको, पदर खांद्यावर चार टाके घालून पक्का करा. जरीची कड टोचते, म्हणून आतून सुती कपडा घाला. टाळांची दोरी गळ्यात न अडकवता हातात द्या आणि तुळशीच्या माळेऐवजी कागदाची माळ करा, ओढली की फाटते. पायांत रोजचेच सँडल राहू देत. वारकरी अनवाणी दिसले पाहिजेत म्हणून रस्त्यावर मुलांना अनवाणी नेऊ नका. आणि शू लागण्याआधी सगळ्यांना एकदा नेऊन आणा, कारण तो पोशाख ताईंशिवाय सुटत नाही.

निफाडकडे डिसेंबरात सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी ऊन. मुलगा घामाने भिजून घरी येतो.
— एक आई, नाशिक जिल्हा

एकच जाड स्वेटर घालण्याऐवजी तीन पातळ थर घाला: सुती बनियन, पूर्ण बाहीचा शर्ट, पुढून बटणांचा स्वेटर. डोक्यातून घालायचा स्वेटर ताईंनी दहा मुलांचा काढायचा म्हटलं की राहून जातो. ताईंना सांगा, हातपाय न पाहता मानेमागे हात लावून पाहावं. मान घामट लागली की एक थर कमी. मफलर नको, माकडटोपी दारापर्यंतच. चार वर्षांच्या मुलाला स्वेटर स्वतः घालता येतो: तो जमिनीवर उताणा पसरायचा, गळ्याच्या बाजूला उभं राहायचं, वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि डोक्यावरून मागे टाकायचा.

चालताना वाजणारे आणि दिवे लागणारे बूट पाठवले तर चालतील?
— एक बाबा, नागपूर

वाजणारे नको, दुपारी झोपलेली मुलं उठतात. दिव्यांच्या बुटांत बटणाएवढी बॅटरी असू शकते. ती गिळली गेली तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तळ उलला किंवा दिवा सैल झाला की बूट त्याच दिवशी टाकून द्या, आणि बॅटरी गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

सगळ्यांचे कपडे सारखेच, रोज अदलाबदल होते.
— पाळणाघर चालक, छत्रपती संभाजीनगर

सुती फितीवर न पुसणाऱ्या पेनने नाव लिहा, फीत इस्त्री करून कॉलरच्या आत चारही बाजूंनी शिवा. दोनच टोकं शिवली तर ती टोचते आणि मुलं उपटतात. बाहेरून दिसेल असं नाव नको, रस्त्यावरचा अनोळखी माणूस मुलाला नावाने हाक मारू शकतो. बुटांसाठी एक गोल स्टिकर मधून कापा, अर्धा डाव्या बुटात आतल्या कडेला आणि अर्धा उजव्या बुटात. दोन अर्धे जुळले की चित्र पूर्ण होतं आणि डावा-उजवा मुलालाच कळतो. वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर स्टिकर आठवडाभरात निघतो.